माकुडीला पाणी

"सर, हात मागं घ्या," भालचिममामा म्हणाले आणि माझ्या हातातली झारी त्यांनी काढूनच घेतली.

एप्रिलमधली सकाळ होती. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे मामांनी कमरेएवढा दगडांचा एक उतरता बांध रचला होता. त्यात माती अशी नावालाच. दगडांच्या फटींत मुरूम, वाळलेलं गवत आणि त्या गवतातून खाली लोंबणाऱ्या करंगळीएवढ्या जाड, राखाडी काड्या. एकाही काडीला पान म्हणून नव्हतं.

"मामा, या मेल्या की काय सगळ्या?"

"मरतात कशाला? निजल्यात."

"थोडं शिंपडलं तर बिघडेल का?"

"निजलेल्या मानसाच्या तोंडात कुनी पानी वततं का? कड्यावर हिला कोन झारी घिऊन जातंय? पाऊस पडला का आपसूक उठंल. तवर हिच्याकडं बघायचं बी न्हाई."

मी हसलो. मी एकोणतीस वर्षांचा होतो, पुण्याहून एम. एस्सी. करून या घाटमाथ्याजवळच्या तालुक्याच्या गावात हंगामी प्राध्यापक म्हणून आलो होतो, आणि याच काड्यांवर पीएच. डी. करत होतो. वनस्पती दुर्मीळ. आपल्याच सह्याद्रीच्या काही कड्यांवर उगवणारी, पावसाळ्यात मांसल पानं फुटणारी, तांबूस-जांभळ्या चांदण्यांसारखी फुलं येणारी. गावातली माणसं तिला शिंदळ माकुडी म्हणतात. या नावामुळे आमच्या प्राचार्यांची, गुळवे सरांची, फार पंचाईत व्हायची. "उपासनी, पाटीवर ही शिवी लिहायची का हो?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. शेवटी पाटीवर 'फ्रेरिया इंडिका' असं लिहिलं आणि कॉलेजची अब्रू वाचली.

मामा म्हणजे चिंधू भालचिम. कॉलेजात शिपाई, माळी, पाणक्या अशा सगळ्यांनाच मामा म्हणायची पद्धत असते, तसे हेही मामा. अकरा वर्षं ते रोजंदारीवर बाग सांभाळत होते. डोंगरातल्या उंबरवाडीचे, महादेव कोळी समाजातले. लहानपणी शेरडं राखताना घोडकड्यावर माकुडी मोडून खात मोठे झालेले. माझ्या प्रबंधासाठी पहिल्या काड्या त्यांनीच टोपीतून आणल्या, आणि त्या कुंडीत न लावता असा दगडी बांध रचून त्यात लावायच्या हेही त्यांचंच. चार वर्षांत चारच्या चाळीस झाल्या होत्या. 'संशोधकाने उतरत्या दगडी वाफ्याची पद्धत विकसित केली,' असं मी प्रबंधात लिहिलं होतं. पद्धत मामांची, वाक्य माझं.

त्या वर्षी या माकुडीच्या संवर्धनाचा प्रकल्प दिल्लीला पाठवला होता. तो मंजूर झाला असता तर मला कायम करायला संस्थेला निमित्त मिळणार होतं, आणि प्रकल्पात माळ्याची एक कायम जागाही होती. मामा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे. सरकारी नोकरीचं वय कधीच उलटून गेलं होतं. पण या जागेला वयाची अट नव्हती, अनुभवाची होती. "पाहणीला येणारी समिती खूश झाली की चिंधूचं काम झालंच म्हणून समजा," असं गुळवे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. मामांनी तेवढ्यावर घरी सत्यनारायण घातला. मी प्रसाद खायला गेलो होतो.

मे महिन्याच्या मध्यावर मामा माझ्याकडे आले. त्यांची मुलगी सुली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

"तीन आठवडे सुट्टी पायजे, सर. घरात दुसरं गडीमानूस न्हाई."

"जा की. सुट्टीच चालू आहे कॉलेजला."

"आन् एक इचारायचं व्हतं." मामा जरा घुटमळले. "सुलीला माकुडी खावीशी वाटतीया. एकच धोशा लावलाय. मला घोडकडा आता झेपत न्हाई, गुडघा धरतोय. ह्यातल्या चार काड्या नेऊ का? पावसाळ्यात परत फुटत्याल."

"अहो, विचारता काय? तुम्हीच लावलीत ती. न्या."

त्यांनी खिशातलं पातं काढून चार काड्या कापल्या, माझ्यासमोर तळहातावर धरून दाखवल्या आणि टोपीत ठेवल्या. जाताना पुन्हा वळले.

"मी येईस्तवर ह्यास्नी हात लावू नका, सर. पानी तर अजाबात न्हाई."

"नाही लावत, मामा."

चौथ्या दिवशी दिल्लीहून पत्र आलं. समिती आठ जूनला येणार.

आपल्याकडे समिती येणार म्हटलं की कॉलेजात जी धांदल उडते ती लग्नघरातही उडत नाही. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासला गेला. ग्रंथालयातली धूळ खाणारी पुस्तकं पुढच्या कपाटात आली. शेजारच्या रोपवाटिकेतून शोभेच्या कुंड्या दोन दिवसांपुरत्या आणायचं ठरलं. आणि एका सकाळी गुळवे सर फेरी मारत मामांच्या बांधाशी येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"हीच ती वनस्पती, सर."

"ही? ही तर वाळलेली गांडुळं दिसताहेत. दिल्लीहून माणसं येणार आणि आपण त्यांना दगडांचा ढीग आणि गांडुळं दाखवणार?"

"उन्हाळ्यात ती सुप्तावस्थेत असते, सर."

"तुमची सुप्तावस्था राहू द्या. हिरवं काहीतरी दिसलं पाहिजे. चांगल्या कुंड्यांत लावा, खत घाला. पंधरा दिवस आहेत. तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना?"

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मला सगळं पाठ होतं, ती पानं का गाळते, खोडात पाणी कसं साठवते, सगळं. पण हंगामी माणसाच्या तोंडून प्राचार्यांना नाही असं निघत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या काड्यांची लाज वाटत होती. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर शोधनिबंध लिहिले ती अशी मेल्यासारखी दिसते, हे दिल्लीच्या माणसांसमोर मला नको होतं.

मी बारा चिनी मातीच्या कुंड्या आणवल्या. बांधाचे दगड उचकटून छत्तीसच्या छत्तीस काड्या मुळांसकट काढल्या. कुंडीत काळी माती, वर शेणखत, एकेका कुंडीत तीन काड्या. आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. माझ्या हातांनी, झारीने, अगदी मायेने.

पाचव्या दिवशी काड्या टरारल्या. टोकांना मुगाएवढे हिरवे ठिपके आले. मी धावत जाऊन गुळवे सरांना घेऊन आलो.

"बघा, जमतंय की! उगाच त्या चिंधूच्या अडाणीपणाला शास्त्र समजत होता तुम्ही."

मला ते ऐकायला बरं वाटलं. ही गोष्ट मला आजही सर्वांत जास्त टोचते. मी मनात म्हणालो, मामा आले की त्यांना दाखवतो.

नवव्या दिवशी मी एका काडीला सहज बोट लावलं आणि तिची साल बोटाबरोबर निघून आली. आतून काळसर पाणी गळलं. वास असा की मी मान फिरवली. दुसऱ्या कुंडीत तेच, तिसरीत तेच. मी पाणी थांबवलं, कुंड्या उन्हात ठेवल्या, मुळं धुतली, राख लावली. बाराव्या दिवसापर्यंत एकही काडी उरली नाही. सगळ्यांचा चिखल झाला होता.

भर दुपारी, आवारात चिटपाखरू नसताना, मी तो चिखल घमेल्यात भरला आणि प्रयोगशाळेमागच्या पाचोळ्याच्या खड्ड्यात नेऊन पुरला. कुंड्या धुऊन पालथ्या घातल्या. मग हात धुतले, चार वेळा धुतले, आणि प्राचार्यांच्या खोलीत गेलो.

मी खरं सांगायलाच गेलो होतो. यावर कुणी विश्वास ठेवावा अशी माझी अपेक्षा नाही.

"कुंड्या पालथ्या का हो?" मी बसायच्या आतच गुळवे सरांनी विचारलं. "चोरीबिरी झाली की काय?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"चिंधू जाताना काड्या घेऊन गेला म्हणे. शिपाई सांगत होता, टोपीत घालून नेल्या. बाहेरचे लोक असल्या दुर्मीळ गोष्टींना वाटेल ते देतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं ना?"

"हो, म्हणजे, सांगितलं होतं."

"मग? गेल्या का चोरीला?"

"तसं दिसतंय, सर," मी म्हणालो.

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. पाच ओळींत. मामांचं नाव मी लिहिलं नाही, याचं मला त्या रात्री समाधान वाटलं होतं. 'सदर वनस्पती नाहीशा झालेल्या आढळल्या. बागेत नेहमी ये-जा असणाऱ्या व्यक्तीवर संशय आहे,' असं मी लिहिलं होतं. बागेत ये-जा असणारी व्यक्ती एकच होती.

पाच जूनला मामा कामावर आले. आधी माझ्याकडेच आले. कागदाच्या पुडीत गुळाचा खडा होता.

"नात झाली, सर. सुली सुखरूप हाय."

"अभिनंदन, मामा," मी म्हणालो. माझी नजर टेबलावरच होती.

"बांधाकडं जाऊन येतो," असं म्हणून ते वळले, तेवढ्यात शिपाई त्यांना प्राचार्यांनी बोलावलंय म्हणून सांगत आला. मलाही बोलावलं होतं.

गुळवे सरांनी माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मामांना त्यातलं अर्धं मराठी कळलं नसावं. ते माझ्याकडे बघत होते.

"म्हंजी काय म्हनायचंय, साहेब?"

"छत्तीस-चाळीस रोपं गेली चोरीला. तू काड्या नेल्यास की नाही?"

"चार नेल्या. पोटुशी लेक व्हती घरात. सरांना इचारून नेल्या."

"उपासनी?"

हा प्रश्न सोपा होता. याचं मी खरं उत्तर दिलं. "हो सर. चार काड्यांचं विचारलं होतं त्यांनी."

"चारांचं विचारलं आणि सगळं उपटून नेलं."

"साहेब, मी कशाला नेऊ? मीच लावल्यात त्या." मामांचा आवाज अजून साधाच होता. कुठेतरी गफलत झालीय आणि ती आता निघेल, असं त्यांना वाटत होतं. ते माझ्याकडे वळले. "सर, तुमी सांगा की. कुंड्या पालथ्या दिसल्या मला येताना. तुमी कुंडीत लावल्या व्हत्या का?"

मी गुळवे सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "कुंड्या समितीसाठी आणल्या होत्या. त्यात लावायला झाडं राहिली कुठे?"

मामांनी खिडकीतून पालथ्या कुंड्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "घटकाभर थांबा," आणि बाहेर गेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पळसाचं पान होतं. पानावर चिखलाने माखलेला एक काळा गोळा. त्यांनी तो प्राचार्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. हात कोपरापर्यंत बरबटले होते.

"पाचोळ्याच्या खड्ड्यात घावली. ढीगभर हाय अजून. कुनी चोरली न्हाई, साहेब. पानी जास्त झालं, कुजली. चूक व्हती मानसाकडनं. मी परत लावून देतो, पावसाळ्यात धरंल." ते मला वाचवायलाच निघाले होते. माझं नावही त्यांनी घेतलं नाही.

गुळवे सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"उपासनी, हा तुमचा विषय. मी पडलो इतिहासाचा माणूस. हे काय आहे, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करतो."

मी उठून टेबलावर वाकलो. सगळा गोळा कुजलेला नव्हता. एका बाजूला बोटभर खोड अजून घट्ट होतं. पानं गळून गेल्यावर खोडावर जे बारके उंचवटे राहतात, ते त्यावर स्पष्ट दिसत होते. ते उंचवटे मी चार वर्षं भिंगाखाली मोजले होते, त्यांची चित्रं काढली होती, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवलं होतं. अख्ख्या तालुक्यात ते खोड माझ्याइतकं कुणाला ओळखता येत नव्हतं. एक मामा सोडून.

खोलीत पंखा चालू होता. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना जराही धास्ती नव्हती. शास्त्राच्या सरांना विचारलंय, आता प्रश्न मिटला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"घोळ आहे, सर," मी म्हणालो. "कुजलेली घोळ."

घोळ म्हणजे उकिरड्याकडेला आपोआप उगवते ती, भाजी करतात ती. मामांच्या घरी मी ती दोनदा जेवलो होतो.

मामांनी ते पान उचललं. काचेवर चिखलाचा डाग राहिला होता, तो त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसला, नीट, कोपऱ्यापर्यंत.

"सर म्हनत्यात तर घोळच असंल," ते म्हणाले.

"पोलिसांत देत नाही हे उपकार समज," गुळवे सर म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. उपासनी, तुम्ही या आता."

मी बाहेर पडलो. मामा आतच राहिले, त्यांचा राहिलेला पगार वगैरे बघायचा असेल असं मला वाटलं. मी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि ते फाटकाबाहेर जाईपर्यंत उघडलं नाही.

आठ जूनला सकाळी मी लवकर गेलो. समितीला काय सांगायचं याची मनाशी जुळवाजुळव चालली होती. बांधाशी गेलो आणि थांबलो. मी उचकटलेले दगड कुणीतरी पुन्हा रचले होते. फटींत मुरूम भरला होता, गवत खोचलं होतं, आणि त्यातून चार राखाडी काड्या लोंबत होत्या. ताज्या, कड्यावरून आणलेल्या.

पहारेकरी म्हणाला, चिंधू उजाडताच येऊन गेला, पायाला फडकं बांधलं होतं, लंगडत होता. निरोप काही नाही. मामांनी नेल्या होत्या तेवढ्या आणून दिल्या, एक कमी नाही की एक जास्त नाही.

समितीत दिल्लीच्या एक वयस्क बाई होत्या, या कुळातल्या वनस्पतींच्या जाणकार. गेरूची झाडं, आणलेल्या कुंड्या, यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ बांधाशी गेल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या. गुळवे सर घाईघाईने म्हणाले, की एरवी बरीच असतात, अलीकडे जरा चोरी झाली. बाईंचं लक्ष नव्हतं.

"इतक्या बागा बघितल्या मी," त्या हिंदीत म्हणाल्या. "सगळीकडे हिला लाडाने पाणी घालून मारतात. उन्हाळ्यात अशी कोरडी ठेवायची हिंमत कुणाला होत नाही. हे कोण सांभाळतं?"

"आमचे उपासनी सर, जातीने," गुळवे सर म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मी थँक यू म्हणालो.

प्रकल्प मंजूर झाला. मी कायम झालो, दोन वर्षांत डॉक्टर झालो. माळ्याच्या जागेवर गुळवे सरांच्या साडूचा मुलगा लागला. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की या बांधाकडे फिरकायचं नाही, आणि त्या बाबतीत तो कधी चुकला नाही. तो कुठल्याच झाडाकडे फिरकत नसे. चार काड्यांच्या पुढे शेकडो झाल्या. अनेक बागांना मी त्या पाठवल्या. विद्यार्थी मला पाठीमागे 'माकुडी सर' म्हणत, आणि ते मला आवडायचं. एकतीस वर्षं अशी गेली. मामा कुठे तरी आल्याच्या शेतांवर मजुरीला जातात, एवढं कानावर आलं होतं. उंबरवाडी कॉलेजपासून चौदा किलोमीटरवर आहे. मी कधी गेलो नाही.

निवृत्त झालो त्या महिन्यात गेलो. आता गमावण्यासारखं काही उरलं नाही, आता जाऊन मोकळं व्हावं, असा विचार होता. म्हणजे तेही माझ्याच सोयीने.

मामा ओट्यावर बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, उजवा पाय लांब सोडलेला. शेजारी एक तिशीची बाई अंगणवाडीच्या वहीत काही लिहीत होती. मामांनी मला लगेच ओळखलं.

"कमल, सरांना पानी दे. ही सुलीची. तवा झालेली." मग माझ्याकडे वळून, "कशापायी आलात?"

मी वाटेत सगळं घोकून आलो होतो, पण एकच वाक्य आलं. "मामा, ती घोळ नव्हती."

"ते मला ठावं हाय."

"मला फार—"

"गुळवे सायबाला बी ठावं व्हतं," मामा म्हणाले. "तुमी भाईर गेल्यावर म्हनला मला. चिंधू, म्हनला, मला इतिहासच कळतो असं न्हाई, ती काय हाय ते मलाबी दिसतंय. पर सर माकुडी म्हनले असते तर मला तुला ठेवावं लागलं असतं. साडूच्या पोराचं कुठं करनार व्हतो मी? सरांनीच माझं काम सोपं केलं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एकतीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की त्या खोलीत माझा नाइलाज होता, गुळवे सरांनी आधीच सगळं ठरवलं होतं, मी काहीही म्हणालो असतो तरी मामा गेलेच असते. उलट होतं. सगळं माझ्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो माणूस मी काय म्हणतो याची रुमालाआडून वाट बघत होता.

"मामा, मी लेखी देतो," मी म्हणालो. मला काहीतरी द्यायचंच होतं. "संस्थेला लिहितो. काय झालं ते सगळं खरं लिहितो. तुमच्यावरचा डाग—"

मला वाटलं होतं ते म्हणतील, आता कशाला, सर, झालं गेलं. अशी माणसं असं म्हणतात, असा माझा समज होता.

"लिवा," मामा म्हणाले. "सुलीला सासरच्यांनी दोन वरसं नेली न्हाई. चोराची लेक म्हनून. ही पोर हितंच रांगायला लागली. हिच्या लग्नात बी निघालं ते, कालेज लुटलेल्याची नात. अजून बी भांडान झालं का पहिलं तेच काढत्यात. लिवा तुमी. आत्ताच लिवा. कमल, कागद दे सरांना. पंचायतीत वाचून दाखवू, मरायच्या आधी एकदा माझ्या कानानं ऐकू द्या."

कमलने वहीतला मधला कागद काढला, टराटरा फाडून नव्हे, पिना उघडून नीट काढला आणि वहीवर ठेवून माझ्यापुढे केला. माझ्या खिशाला पेन होतं. तिने ते बघितलं होतं.

मी कागद घेतला. वर तारीख टाकायची, मग गावाचं नाव. माझ्या डोक्यात भराभर यायला लागलं की पेन्शनचे कागद अजून मंजूर व्हायचे आहेत. पुढच्या महिन्यात कॉलेजात माझा सत्कार ठेवलाय, त्या बागेला माझं नाव द्यायचं चाललंय. आणि प्रबंधातली ती पद्धत, तिचं काय?

"असं नको, मामा," मी म्हणालो. "हे असं वहीच्या कागदावर बरं दिसत नाही. त्याला वजन राहत नाही. मी घरी जाऊन व्यवस्थित टाइप करतो, सही-शिक्क्यानिशी पाठवतो. आठवड्याभरात."

मामा माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत बघत होते तसे मात्र नव्हे. आता ते कशाचीच वाट बघत नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "पाचची गाडी फाट्यावर मिळंल. उठा आता."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि उठलो. या गोष्टीला सात वर्षं झाली. पेन्शन सुरू झाली, सत्कार झाला, बागेच्या कमानीवर माझं नाव आहे. मामा आहेत की गेले, हे मी कुणाला विचारलेलं नाही. कागद माझ्याकडेच आहे. त्यावर मी अजून तारीखसुद्धा घातलेली नाही.